पहिलं घर उरुग्वेचं: १९१६ ते १९३० मधले दक्षिण अमेरिकेचे गोल मारणारे आणि कप जिंकणारे

बिनखांबी (धागाकर्ता)

आमच्या कोल्हापुरात वर्ल्ड कप आला की पेठांच्या वाटण्या होतात. एका गल्लीत ब्राझीलचे पिवळे झेंडे, पुढच्या गल्लीत अर्जेंटिनाचे आकाशी-पांढरे पट्टे, आणि चौकात दुमजली घराएवढे कटआउट. मीही शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून त्यातच वाढलो. गेली काही वर्षं जुन्या फुटबॉलबद्दल मिळेल ते वाचतोय, आणि एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. दक्षिण अमेरिकेचा फुटबॉल ज्यांनी पहिल्यांदा जगासमोर नेऊन उभा केला, त्या उरुग्वेचा झेंडा आमच्या एकाही गल्लीत दिसत नाही. म्हणून हा धागा.

देश केवढा, तर १९०८ च्या जनगणनेत तिथली वस्ती साडेदहा लाखांच्या आतबाहेर होती. एका बाजूला ब्राझील, दुसऱ्या बाजूला अर्जेंटिना, मध्ये हा चिंचोळा तुकडा. तरी १९१६ ते १९२६ या अकरा वर्षांत झालेल्या दहा दक्षिण अमेरिकी स्पर्धांपैकी सहा उरुग्वेनं जिंकल्या: १९१६, १९१७, १९२०, १९२३, १९२४ आणि १९२६. त्याच काळात १९२४ चं ऑलिम्पिक सुवर्ण, मग १९२८ चं, आणि १९३० चा पहिला वर्ल्ड कप.

सुरुवात १९१६ पासून करतो. अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून जुलैत ब्युनोस आयरेसला चार देशांची स्पर्धा भरली. यजमान, उरुग्वे, ब्राझील आणि चिली. पहिल्याच सामन्यात उरुग्वेनं चिलीला ४-० हरवलं. दोन गोल होसे पिएन्दिबेनेचे, दोन इसाबेलिनो ग्रादीनचे. दुसऱ्या दिवशी चिलीनं तक्रार केली की उरुग्वेनं संघात 'आफ्रिकन' खेळवले, सामना रद्द करा. रोख ग्रादीन आणि हुआन देल्गादो या दोन काळ्या खेळाडूंवर होता. दोघंही उरुग्वेतच जन्मलेले. पुढं चिलीनं माफी मागितली. ग्रादीननं ब्राझीलविरुद्ध आणखी एक गोल मारला आणि तीन गोलांसह स्पर्धेत सर्वांत जास्त गोल त्याच्या नावावर लागले.

शेवटचा सामना अर्जेंटिना-उरुग्वे. मैदानात मावेल त्यापेक्षा कितीतरी जास्त गर्दी लोटली, सामना काही मिनिटांतच थांबवावा लागला आणि चिडलेल्या लोकांनी लाकडी स्टँडला आग लावली. सामना दुसऱ्या दिवशी आवेयानेदाच्या मैदानावर झाला. ०-० सुटला आणि गुणांवर उरुग्वे विजेता ठरला. याच स्पर्धेच्या दिवसांत, ९ जुलैला, दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेची स्थापना ठरली. ती कल्पना मांडणारा माणूसही उरुग्वेचाच, एक्तोर रिवादाविया गोमेस.

ग्रादीन फुटबॉलपुरता नव्हता. २०० आणि ४०० मीटरमध्ये तो दक्षिण अमेरिकेचा विजेता धावपटू होता. डाव्या बाजूनं बॉल घेऊन निघाला की बचावपटूंना फक्त त्याची पाठ दिसायची. हुआन पार्रा देल रिएगो या पेरूच्या कवीनं त्याच्यावर कविता लिहिली. फुटबॉलपटूवर कविता, तीही शंभर वर्षांपूर्वी!

आणि पिएन्दिबेने. पेन्यारोल क्लबचा सेंटर फॉरवर्ड, लोक त्याला 'एल माएस्त्रो' म्हणजे गुरुजी म्हणायचे. गोल झाल्यावर तो उड्या मारायचा नाही. समोरच्या संघाचा अपमान होऊ नये म्हणून शांतपणे मागं फिरायचा, असं सांगतात. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघातले जुने खेळाडू वर्णन करतात तसा हा माणूस मला वाटतो, आणि म्हणून तो मला सर्वांत जवळचा.

ब्राझीलच्या बाजूचं ज्यांना जास्त माहीत आहे त्यांनी लिहावं. मी उरुग्वेचा बाजूदार आहे हे उघड सांगून ठेवतो.

कूपरेज कट्टा

बिनखांबी, धागा वाचून मन भरलं. माझं वय आता सत्तरीच्या पुढं. रोव्हर्स कपचे सामने कूपरेजवर उभं राहून पाहिलेला माणूस मी.

एक वर्ष लक्षात ठेवा, १८९१. मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला तो १८९१ साली. त्याच साली ब्युनोस आयरेसमध्ये अर्जेंटिनाची पहिली लीग खेळली गेली. आणि त्याच साली सप्टेंबरमध्ये उरुग्वेच्या राजधानीत, मोंतेविदेओत, रेल्वेच्या इंग्रज नोकरांनी आपला क्लब काढला, ज्याचा पुढं पेन्यारोल झाला. काळा-पिवळा रंग रेल्वेचा. म्हणजे सुरुवातीची रेघ आपल्यासाठी आणि त्यांच्यासाठी एकाच ठिकाणी आखली होती. आपल्याकडे कप बरीच वर्षं गोऱ्या पलटणींच्याच हातात राहिला. तिथं मात्र वीस-पंचवीस वर्षांत खेळ स्थानिक पोरांच्या पायात गेला.

अर्जेंटिनाचं उदाहरण पाहा. अलेक्झांडर वॉटसन हटन नावाचा स्कॉटिश मास्तर १८८२ मध्ये तिथं पोचला, त्यानं शाळा काढली आणि पोरांना बॉल दिला. त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ 'अलुम्नी'. १९०० ते १९११ मध्ये त्यांनी दहा वेळा लीग जिंकली. एका ब्राऊन घराण्यातलेच कितीतरी भाऊ त्या संघात. मग अलुम्नी मिटला आणि रासिंग क्लब वर आला. १९१३ ते १९१९, सलग सात वर्षं लीग विजेता! त्यांची बिरुदावली 'ला आकादेमिया', म्हणजे विद्यापीठच. आल्बेर्तो ओआको त्यांचा मुख्य गोल मारणारा. आजही रासिंगसाठी त्याच्याइतके गोल कोणाचे नाहीत. या संघात इंग्रजी आडनावांच्या जागी स्पॅनिश आणि इटालियन आडनावं आली. माझ्या मते अर्जेंटिनाचा फुटबॉल खऱ्या अर्थानं तिथून सुरू होतो.

शिवोलीकार

कूपरेज काका, तुमच्या १८८२ ला आमचं १८८३ जोडा. आमच्या गोव्यात फुटबॉल आणला तो फादर विल्यम लायन्स या आयरिश पाद्र्यानं, १८८३ साली, आमच्याच शिवोलीत. तिथं मास्तर, इथं पाद्री.

ब्राझीलचं मी लिहितो. आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून ब्राझील म्हणजे ब्राझील. भाषा पोर्तुगीज असल्यानं आजोबांना तिकडच्या बातम्या कळत.

आर्थुर फ्रीडेनराइश. जन्म साओ पाउलो, १८९२. वडील जर्मन वंशाचे व्यापारी, आई आफ्रिकी वंशाची. ब्राझीलनं गुलामगिरी रद्द केली ती १८८८ मध्ये, म्हणजे त्याच्या जन्माच्या फक्त चार वर्षं आधी. त्या काळी क्लब गोऱ्या श्रीमंतांचे. बापाच्या आडनावामुळं त्याला दार उघडलं. डोळे हिरवट, केस कुरळे. सामन्याआधी तो केस गरम टॉवेलनं दाबून सरळ करत बसायचा आणि सगळ्यांच्या शेवटी मैदानात यायचा, असं सांगतात. ही गोष्ट आजोबा हसत सांगायचे. मोठा झाल्यावर तिचा अर्थ कळला तेव्हा मला हसू आलं नाही.

१९१४ मध्ये इंग्लंडचा एक्झेटर सिटी संघ रिओत आला. ब्राझीलनं त्यांना २-० हरवलं. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचा तो पहिला सामना धरतात. त्या सामन्यात फ्रीडेनराइशचे दोन दात पडले, तरी तो खेळत राहिला.

आता १९१९. स्पर्धा खरं तर १९१८ ची, पण इन्फ्लुएंझाच्या साथीमुळं वर्षभर पुढं गेली. रिओत, फ्लुमिनेन्सेच्या लारांजेइरास मैदानावर. ब्राझील आणि उरुग्वेचे गुण सारखे झाले, म्हणून २९ मे ला निर्णायक सामना झाला. नव्वद मिनिटं ०-०. जादा तीस मिनिटं ०-०. पुन्हा तीस मिनिटं! त्या दुसऱ्या जादा वेळेच्या सुरुवातीलाच नेकोनं बॉल आत टाकला, एइतोरचा फटका गोलरक्षक सापोरितीनं अडवला, आणि परत आलेला बॉल फ्रीडेनराइशनं जाळ्यात मारला. एकूण दीडशे मिनिटांचा खेळ आणि एक गोल. उरुग्वेच्याच लोकांनी त्याला 'एल तिग्रे', वाघ, हे नाव दिलं. ज्या बुटानं गोल झाला तो रिओतल्या एका जवाहिऱ्याच्या दुकानात काचेमागं मांडून ठेवला होता. पिक्सिंगिन्या या ब्राझीलच्या संगीतकारानं त्या गोलावर 'एक-शून्य' नावाची धून बांधली, ती आजही वाजते.

आणि दोनच वर्षांनी, १९२१ ची स्पर्धा ब्युनोस आयरेसला होती तेव्हा ब्राझीलनं फक्त गोरा संघ पाठवला. राष्ट्राध्यक्ष एपितासियो पेसोआ यांची तशी इच्छा होती अशी नोंद सापडते. वाघ घरी राहिला.

बिनखांबी, उरुग्वेचं मोठेपण मी मान्य करतो. पण 'पहिला मोठा स्ट्रायकर' हा मान फ्रीडेनराइशचा. १३२९ गोल, पेलेच्याही आधी.

आकडेमोड

शिवोलीकार, बाकी सगळ्याला मनापासून अनुमोदन, पण १३२९ ला नाही.

तो आकडा कागदावर उभा राहत नाही. गोष्ट अशी सांगतात की आधी वडिलांनी आणि मग एका सहकारी खेळाडूनं वह्यांत नोंदी ठेवल्या. त्यात १३२९ सामने आणि १२३९ गोल होते, आणि छापताना आकड्यांची अदलाबदल झाली. त्या वह्या कोणाच्या हाती लागलेल्या नाहीत. पुढं संशोधकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून एकेक सामना मोजला तेव्हा गोल साडेपाचशेच्या थोडे वर भरले, आणि सामनेही जवळजवळ तितकेच.

हे त्याला कमी करण्यासाठी लिहीत नाही. प्रत्येक सामन्याला एक गोल, तोही पंचवीस वर्षं! ऑफसाइडचा नियम १९२५ पर्यंत फार कडक होता. पुढं जाताना समोर तीन विरोधी खेळाडू असावे लागत, नंतर ते दोन झाले. त्याची बहुतेक कारकीर्द तीनच्या नियमातली. खरा आकडाच इतका मोठा आहे की खोट्याची गरज नाही.

अजून एक. १९२५ मध्ये त्याचा क्लब पाउलिस्तानो युरोपच्या दौऱ्यावर गेला आणि पॅरिसमध्ये फ्रान्सच्या निवडक संघाला ७-२ हरवून आला. १९३० च्या वर्ल्ड कपला मात्र तो गेला नाही, कारण रिओ आणि साओ पाउलोच्या संघटनांचं भांडण आणि साओ पाउलोचे खेळाडू घरी. तेव्हा तो अडतीसला टेकला होता, तरी हे लिहितानाही वाईट वाटतं.

रानजाई

मी फुटबॉल खेळलेली नाही, भावांच्या मागं सामने पाहिले. पण या धाग्यातलं मला सर्वांत जास्त भिडलं ते ग्रादीन आणि फ्रीडेनराइशचं शेजारी शेजारी असणं. एकाला त्याच्या देशानं तक्रार झाली तरी खेळवलं. दुसऱ्यानं कप जिंकून दिला, तरी त्याच्या देशानं त्याला घरी बसवलं.

यात वास्को द गामाचं नाव आलंच पाहिजे. रिओतला हा पोर्तुगीज दुकानदारांचा क्लब १९२३ मध्ये रिओचा विजेता झाला तो काळ्या, मिश्र वंशाच्या आणि मजूर खेळाडूंच्या जोरावर. पुढच्या वर्षी बड्या क्लबांनी वेगळी संघटना काढली आणि वास्कोला अट घातली, तुमचे बारा खेळाडू काढा. ७ एप्रिल १९२४ ला वास्कोच्या अध्यक्षांनी पत्र लिहून नकार कळवला: आम्ही त्यांना काढणार नाही, तुमच्यात येणार नाही. आणि १९२७ मध्ये सभासदांच्या वर्गणीतून स्वतःचं स्टेडियम उभं केलं. विजेता संघ म्हणायचा तर मी याला म्हणेन, मग त्या वर्षी कप कोणीही नेलेला असो.

बिनखांबी

रानजाई ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शिवोलीकार, १९१९ इतकं नीट मराठीत मी कुठं वाचलं नव्हतं. त्याला एक दुःखाची किनार आहे ती जोडतो. त्याच स्पर्धेत उरुग्वेचा दुसरा गोलरक्षक रोबेर्तो चेरी चिलीविरुद्ध खेळताना जखमी झाला आणि निर्णायक सामन्याच्या दुसऱ्या दिवशी रिओतच वारला. पोरसवदा होता. मग ब्राझील आणि अर्जेंटिनानं त्याच्या स्मरणार्थ सामना खेळला, तो ३-३ सुटला.

आता माझ्या लाडक्या संघाकडं येतो. १९२४, पॅरिस.

उरुग्वेचे खेळाडू आगबोटीनं स्पेनला उतरले. पैसे नव्हते म्हणून वाटेत सामने खेळत खेळत गेले. नऊ खेळले, नऊ जिंकले. पॅरिसमध्ये त्यांना कोणी ओळखत नव्हतं. पहिल्या सामन्यात युगोस्लाव्हिया ७-०. मग अमेरिका ३-०, फ्रान्स ५-१, हॉलंड २-१, अंतिम सामन्यात स्वित्झर्लंड ३-०. पाच सामने, वीस गोल मारले, दोन खाल्ले. पेद्रो पेत्रोने, अजून विशीही न गाठलेला, सात गोल. त्याचा फटका असा की नाव पडलं 'एल आर्तियेरो', तोफखान्याचा गडी. त्याच्या उजव्या बाजूला एक्तोर स्कारोने, डावीकडं पेद्रो सेआ आणि आन्हेल रोमानो. मागं होसे लेआंद्रो आंद्रादे, ज्याला पॅरिसच्या लोकांनी 'काळं आश्चर्य' म्हटलं. बचावाला कर्णधार होसे नासासी.

त्यांचं वेगळेपण कशात होतं? बॉल जमिनीवर ठेवण्यात. इंग्रज लांब लाथ मारून मागं पळत. उरुग्वेत जॉन हार्ली नावाचा स्कॉटिश रेल्वेवाला १९०९ मध्ये पेन्यारोलमध्ये आला आणि त्यानं छोट्या पासांचा खेळ रुजवला. पिएन्दिबेने त्याच्यासोबत खेळूनच घडला. म्हणजे १९२४ च्या वीस गोलांची पेरणी पंधरा वर्षं आधी झाली होती. आमच्याकडं सेंटर हाफला अजून जुनी माणसं 'गाडीचा कणा' म्हणतात. हार्ली तसा कणा होता.

स्कारोनेबद्दल थोडं. पेन्यारोलच्या कट्टर प्रतिस्पर्धी नासिओनाल क्लबचा. बाप पेन्यारोलचा कट्टर, पोरगा समोरच्या घरात. शिवाजी पेठेत आणि मंगळवार पेठेत ज्यांची सोयरीक आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. उरुग्वेसाठी ३१ गोल, आणि तो विक्रम मोडायला २०११ आणि दिएगो फोर्लान यावे लागले.

आकडेमोड

एक शंका मांडतो. १९२४ आणि १९२८, दोन्ही ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये ब्रिटन नव्हतं. मग त्यांना जगज्जेते म्हणायचं का?

कूपरेज कट्टा

म्हणायचं. जे आले त्यांच्याशी खेळले आणि जिंकले. न आलेल्याचा गुण कोणी मोजत नाही.

आणि १९२८ च्या ॲम्स्टरडॅमचं नाव निघालं तर आपलं सांगायलाच हवं. २६ मे ला तिथंच आपल्या हॉकी संघानं हॉलंडला ३-० हरवून पहिलं सुवर्ण घेतलं, ध्यानचंदचे स्पर्धेत १४ गोल. दुसऱ्याच दिवशी फुटबॉल सुरू झाला. एका मैदानावर एका आठवड्यात एका बाजूला आपली स्टिक, दुसऱ्या बाजूला स्कारोनेचा पाय. मला हे आठवलं की अंगावर रोमांच येतात.

तिथला अंतिम सामना उरुग्वे-अर्जेंटिना. पहिल्यांदा १-१, म्हणून १३ जून ला पुन्हा. १-१ असताना उरुग्वेच्या बोर्हासनं डोक्यानं बॉल स्कारोनेकडं ढकलला आणि ओरडला, "तुया, एक्तोर!" तुझा, एक्तोर! स्कारोनेनं वरच्या वर मारला, २-१. ती आरोळी तिकडं म्हणीसारखी झाली आहे. हरलेल्या अर्जेंटिनाचा दोमिंगो तारास्कोनी ११ गोल मारून स्पर्धेत पहिला. सोन्याचं पदक नाही, पण त्याचं नावही घ्यावं.

नदीकाठ

मी या विषयात नवखी आहे. वर्ल्ड कपमध्ये सर्वांत जास्त गोल मारणारा पहिला खेळाडू उरुग्वेचा होता का?

बिनखांबी

नाही, अर्जेंटिनाचा. गियेर्मो स्ताबिले, उराकान क्लबचा. त्याची गोष्ट विलक्षण आहे. १९३० च्या पहिल्या सामन्यात तो बाकावर होता. कर्णधार मानुएल फेरेइरा विद्यापीठाची परीक्षा द्यायला ब्युनोस आयरेसला परत गेला, म्हणून मेक्सिकोविरुद्ध स्ताबिलेला घेतलं. देशासाठी पहिलाच सामना आणि तीन गोल. मग चिलीला दोन, उपांत्य सामन्यात अमेरिकेला दोन, अंतिम सामन्यात एक. चार सामने, आठ गोल. त्यानंतर तो इटलीला गेला आणि अर्जेंटिनासाठी पुन्हा कधीच खेळला नाही. पण १९३९ ते १९६० प्रशिक्षक म्हणून त्यानं देशाला सहा दक्षिण अमेरिकी विजेतेपदं मिळवून दिली.

अंतिम सामना ३० जुलै. बॉल कोणाचा यावर वाद, म्हणून पहिला हाफ अर्जेंटिनाच्या बॉलनं, दुसरा उरुग्वेच्या. हाफ टाइमला अर्जेंटिना २-१ पुढं. मग सेआ, इरिआर्ते, आणि शेवटच्या मिनिटांत एक्तोर कास्त्रो. ४-२. कास्त्रोचा उजवा हात लहानपणी यंत्राच्या करवतीत गेला होता, कोपराखालचा. त्याच कास्त्रोनं १८ जुलैला मोंतेविदेओच्या सेन्तेनारिओ स्टेडियमवरचा पहिला गोल मारला होता आणि स्पर्धेचा शेवटचा गोलही त्यानंच मारला.

आकडेमोड

छोटी भर: स्ताबिलेची हॅटट्रिक वर्ल्ड कपमधली पहिली असं बरीच वर्षं छापलं जायचं. २००६ मध्ये फिफानं अमेरिकेच्या बर्ट पेटनॉडला तो मान दिला, त्याची हॅटट्रिक दोन दिवस आधीची.

दर्यावर्दी

उशिरा आलो धाग्यावर. रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत होतो. आमचं जहाज एकदा मोंतेविदेओला चार दिवस थांबलं तेव्हा सेन्तेनारिओ पाहून आलो. गोलपोस्टमागच्या दोन स्टँडची नावं विचारली तर एक 'कोलोंबेस', दुसरं 'आम्स्तेर्दाम'. पॅरिसजवळच्या ज्या मैदानावर १९२४ जिंकलं ते कोलोंब, आणि १९२८ चं ॲम्स्टरडॅम. माझ्यासोबतच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं दोन्हींकडं बोट दाखवलं आणि बोटांनी खूण केली, दोन. मग मैदानाकडं बोट दाखवलं, तीन.

चिलीचं कोणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. दाविद आरेयानो, १९२५ मध्ये कोलो-कोलो क्लब उभा करणाऱ्यांतला आणि त्याचा पहिला कर्णधार. १९२६ च्या दक्षिण अमेरिकी स्पर्धेत सात गोल, सर्वांत जास्त. पाठीवर पडत डोक्यावरून मारायची लाथ, जिला तिकडं 'चिलेना' म्हणतात, ती त्यानं युरोपला दाखवली. १९२७ मध्ये क्लबच्या दौऱ्यात स्पेनच्या वायादोलीदला एका धडकेत पोटाला मार लागला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. वय चोवीस. कोलो-कोलोच्या चिन्हावर तेव्हापासून काळी पट्टी आहे, आजपर्यंत काढलेली नाही.

शिवोलीकार

दर्यावर्दी, ही पट्टी मी कितीदा टीव्हीवर पाहिली असेल, कशाची ते आज कळलं.

आकडेमोड, साडेपाचशे मान्य. आजोबा असते तर त्यांनाही समजावलं असतं, पण वाघ तो वाघच.

बिनखांबी

दर्यावर्दी, त्या पहारेकऱ्याच्या तीन बोटांबद्दल उद्या तालमीत सांगणार आहे. यात पाराग्वेचा आर्सेनियो एरिको राहिला, पण त्याचे अर्जेंटिनाच्या इन्देपेन्दिएन्ते क्लबचे गोल १९३४ पासूनचे, त्याच्यावर वेगळा धागा हवा. कोणी काढणार असेल तर मी माहिती देतो.